एफ७ च्या जागी एफएफ : साठ मीटरवरून प्रोसेसर हलवताना

गेल्या तीन महिन्यांत चार रविवार आणि एक अख्खी जत्रा यात गेली. आज लिहून काढतोय, कारण पुन्हा तीच चूक करायला मीच पहिला असेन.

आधी मांडणी. आमच्या अण्णांकडे साऊंडचं सामान आहे. गावच्या जत्रा, शाळेची गॅदरिंगं, कधी भजनस्पर्धा. अँपची रॅक स्टेजच्या बाजूला असते आणि त्यातच बेहरिंगरचा डीसीएक्स२४९६ हा स्पीकर प्रोसेसर बसवलेला: तीन इनपुट, सहा आउटपुट, टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि बेसची वाटणी, डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडणं), लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणं) सगळं त्याच्यात. मिक्सर मात्र मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. टॉप जरा खाली घ्यायचे झाले की अण्णा मला स्टेजकडे पळवायचे. मी तिथे बटणं दाबणार, अण्णा इकडून हातवारे करणार. "अजून खाली" आणि "बास, थांब" या दोन्ही खुणा लांबून सारख्याच दिसतात.

डिलेचं दुखणं वेगळंच. मध्यावर, स्टेजपासून ३० मीटरवर जादाचे टॉप लावले की त्यांना ८६ मिलिसेकंद मागे ठेवावं लागतं, कारण स्टेजचा आवाज तिथे पोचायला तेवढा वेळ लागतो. हा हिशोब दुपारच्या तीस अंशांचा. रात्री हवा बावीसवर आली की आवाज मंदावतो आणि तोच आकडा ८७ च्या वर जातो. एक मिलिसेकंद म्हणजे फुटभराहून जास्त. कार्यक्रम चालू असताना हे कोण रॅकजवळ बसून बदलणार? म्हणून ठरवलं, मिक्सरजवळच्या लॅपटॉपवरूनच तार ओढून प्रोसेसरची सेटिंग हलवायची.

वायफाय का नाही, हा प्रश्न येणारच. रिकाम्या मांडवात वायफाय झकास चालतं. हजारभर लोक खिशात मोबाइल घेऊन बसले की चालत नाही. शिवाय या डब्याला (प्रोसेसरला) मागे सरळ नऊ पिनांचं आरएस-२३२, म्हणजे जुन्या पद्धतीचं सिरियल पोर्ट, दिलेलं आहे. ३८४०० बॉड (सेकंदाला इतके बिट), आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. तार ओढा आणि बोला.

बोलणं मिडीच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या भाषेच्या) सिसेक्स संदेशांसारखं आहे. बाइट इथे सोळाच्या पायात लिहितोय. सुरुवात एफ० ने, मग ०० २० ३२ हा कंपनीचा क्रमांक, मग युनिटचा क्रमांक, मग ०ई म्हणजे हे मॉडेल, पुढे आज्ञा आणि शेवटी एफ७. मधल्या बाइटांत ७एफ च्या वर काही यायचं नाही, म्हणून आकडा सात-सात बिटांत तोडून पाठवायचा. गेन (आवाजाची पातळी) ० ते ३०० असा मोजतात, १५० म्हणजे शून्य डीबी. ते एका बाइटात मावत नाहीत म्हणून ०१ १६ असे जातात. तीन डीबी खाली म्हणजे १२०, ते ०० ७८. हे एकदा हाताने कागदावर करून बघा, मग पायथनमध्ये लिहा. मी उलटं केलं आणि पहिल्याच संध्याकाळी बेस पंधरा डीबी वर नेऊन ठेवला. नशीब, अँप बंद होते.

पहिला प्रयत्न : सरळ आरएस-२३२, ६० मीटर कॅट-५ वर (नेटवर्कची चार जोड्यांची केबल).

आरएस-२३२ पंधरा मीटरच चालतं असं सगळे सांगतात. तो जुन्या आवृत्तीतला पन्नास फुटांचा आकडा. नंतर लांबीची अट जाऊन २५०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची (तारेत विद्युतभार साठण्याची) अट आली. कॅट-५ ला मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड धरले तर ६० मीटरचे ३००० होतात. थोडं जास्त, पण ३८४०० ला एक बिट २६ मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे निभावून जायला हरकत नव्हती. आणि तरी निभावलं नाही. गच्चीवर सगळं वेटोळं पसरून बसलो. नुसती आज्ञा पाठवली की चालायचं. पण डब्याकडूनही काही येऊ लागलं आणि दोघे एकदम बोलले की कचरा.

चूक क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे कनेक्टरमध्ये तारा बसवण्यात होती. निळी तार पाठवायला, निळी-पांढरी घ्यायला, असं एकाच जोडीत मी दोन्ही घातले होते. दिसायला किती नीटनेटकं! ६० मीटर एकमेकींना पीळ घालून गेलेल्या त्या दोन तारा, एकीचा झटका दुसरीत उतरणारच. पाठवण्याची तार एका जोडीत ग्राउंडबरोबर, घेण्याची दुसऱ्या जोडीत ग्राउंडबरोबर, असं बदललं आणि गच्चीवर तासभर एकही बाइट चुकला नाही.

मी खूश. अण्णा म्हणाले, "गच्चीवर सगळंच चालतं बाळा."

जत्रेत लावलं. आज्ञा जात होत्या, गेन हलत होता आणि टॉपमधून घुंऽऽ असा हम येत होता. नऊ पिनांचा कनेक्टर काढला की हम गायब, लावला की हजर. मिक्सर देवळाच्या लाइनवर होता, स्टेज जनरेटरवर. मल्टिमीटर रॅकच्या बॉडीला आणि मिक्सरच्या बॉडीला लावला तर मधे जवळपास दोन व्होल्ट एसी. माझ्या केबलची पाच नंबरची पिन म्हणजे ग्राउंड, ती रॅक आणि लॅपटॉप जोडत होती. लॅपटॉपमधून गाण्याची लीड मिक्सरला. मिक्सरमधून मल्टिकोरची (स्टेज-मिक्सरमधल्या जाड ऑडिओ केबलची) शील्ड परत रॅकला. फिरायला मोठा रिंगरोड करून दिला होता मी त्या पन्नास हर्ट्झला. त्या रात्री केबल गुंडाळून ठेवली आणि पळापळ केली, नेहमीसारखी.

दुसरा प्रयत्न : आरएस-४८५.

इथे एका तारेचा ग्राउंडशी फरक मोजत नाहीत, दोन तारांमधला मोजतात. २०० मिलिव्होल्ट पुरतात, १२०० मीटरपर्यंत जातं. डब्याच्या मागे स्वतःची आरएस-४८५ ची दोन लिंक सॉकेटं आहेत, पण ती पुढेमागे दुसरं युनिट जोडायला राखून ठेवली. जायला-यायला एकच जोडी, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं. लॅपटॉपकडे मॅक्स४८५ ही ड्रायव्हर चिप बसवली, दिशा बदलायला यूएसबी अडॅप्टरची आरटीएस पिन. रॅककडे आपोआप दिशा बदलणारं तयार मॉड्यूल.

आणि डबा मुका. दिवा लुकलुकतोय, बाइट जाताना दिसताहेत, पण गेन जागचा हलेना. दोन रविवार यात गेले. टर्मिनेशनचे (लाइनच्या टोकाच्या रेझिस्टरचे) १२० ओम काढले, घातले, परत काढले. (६० मीटरला सिग्नल जाऊन यायला अर्धा-पाऊण मायक्रोसेकंद लागतो, बिट २६ चा. टर्मिनेशनवर वाद घालायला ही जागाच नव्हती, पण घातला.) शेवटी लॉजिक अॅनालायझर (तारेवरचे बिट दाखवणारं यंत्र) लावला. एफ० बरोबर, ०० २० ३२ बरोबर, सगळं बरोबर आणि शेवटी एफ७ च्या जागी एफएफ.

बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो. सिरियलमध्ये खालचा बिट आधी जातो. एफ७ म्हणजे तीन एक, एक शून्य, मग चार एक. त्या एकुलत्या शून्याच्या आधीच मी आरटीएस सोडत होतो. ड्रायव्हर बंद झाला की बायसच्या (रिकामी लाइन ठरावीक पातळीवर धरणाऱ्या) रेझिस्टरांनी लाइन 'एक'वर ओढली जाते, म्हणजे उरलेले सगळे एकच. झाला एफएफ. डबा बिचारा एफ७ ची वाट बघत बसलेला. पायथनमधलं फ्लश (साठलेले बाइट बाहेर ढकलायची आज्ञा) संपलं म्हणजे बाइट तारेवर गेले, असं मी धरून चाललो होतो. ते यूएसबी चिपच्या बफरपर्यंत गेले होते, एवढंच.

आरटीएस थोडा उशिरा सोडला की चालू लागलं. पण किती उशिरा, हे लॅपटॉपच्या मूडवर. कार्यक्रमात मला तो जुगार नको होता.

म्हणून तिसरी मांडणी, जी आज रॅकमध्ये आहे. जायला एक जोडी, यायला एक जोडी, दोन्ही टोकांना मॅक्स४८८. दिशा बदलायचा प्रश्नच मिटला. कॅट-५ मध्ये चार जोड्या असताना मी दोन तारांचा हट्ट का धरला होता, कोण जाणे. मॅक्स४८८ मुद्दाम घेतला, कारण त्याच्या सिग्नलच्या कडा जाणूनबुजून मंद केलेल्या आहेत. शेजारून माइकच्या लाइनी जातात, त्यांच्यात टिकटिक कमी.

रॅकच्या टोकाला एडीयूएम१२०१ आयसोलेटर (दोन बाजू विजेने न जोडता सिग्नल पलीकडे देणारी चिप) आणि बी०५०५एस हा छोटा डीसी-डीसी (पलीकडच्या बाजूला सुटी वीज देणारा). रॅकमधल्या साध्या पाच व्होल्टच्या चार्जरवर आयसोलेटरची एक बाजू चालते, डीसी-डीसीतून निघालेले सुटे पाच व्होल्ट केबलकडच्या बाजूला. तिसऱ्या जोडीतून ग्राउंड येतं, पण ते लॅपटॉपचं ग्राउंड. १०० ओममधून येऊन सुट्या बाजूला थांबतं, रॅकच्या बॉडीला शिवत नाही. वीजही केबलमधूनच न्यावी असं आधी वाटलं होतं. पण ६० मीटरला जाऊन-येऊन दहा ओम, ५० मिलिअँपला अर्धा व्होल्ट तिथेच गेला असता.

परवा भजनस्पर्धेला लावलं. मिक्सर शाळेच्या लाइनवर, स्टेज जनरेटरवर, मुद्दाम वेगवेगळं ठेवलं. हम नाही. नऊच्या सुमारास हवा गार झाली तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या डिले एक मिलिसेकंदाने वाढवला. अण्णांनी मान वर करून टॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "चहा सांग" म्हणाले.

एक भानगड झालीच. मधल्या वेळात कुणा पोराने माझ्या केबलचं टोक उपसून सरळ इंटरनेटच्या राउटरमध्ये खोचलं, सॉकेट सारखंच की. काही जळलं नाही. आता दोन्ही टोकांना लाल टेप आहे आणि त्यावर मार्करने लिहिलंय : "नेट नाही. हात लावू नये." खाली अण्णांच्या अक्षरात : "लावल्यास स्टेजकडे तूच पळ."