कान गेले म्हणून हात आला?

शाळेच्या प्रदर्शनात पाहुणे हमखास विचारतात, "देवाने कान घेतले, पण बदल्यात कला दिली. या मुलांना चित्रकला उपजतच येते ना?"

तुम्ही प्रेमाने विचारलंत म्हणून सांगते. नाही येत. कर्णबधिर मुलांना मी गेली एकोणीस वर्षं चित्रकला शिकवते. यंदा वर्गात बारा मुलं आहेत. दोघांचा हात चांगला आहे, बाकीच्यांचा तयार करावा लागतोय, आणि एकाला कबड्डीपुढे काही सुचत नाही.

उत्तरादाखल मी आल्फ्रेड थॉमसन यांची चित्रं दाखवते. ब्रिटिश चित्रकार, पण जन्म बंगळूरचा, 1894 चा. लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. हा माणूस भित्तिचित्रांपासून रेल्वेच्या पोस्टरपर्यंत सगळं करत राहिला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा अधिकृत चित्रकार झाला. त्या काळातलं त्यांचं एक चित्र मला फार जवळचं आहे: लष्करी रुग्णालयात मिठाच्या पाण्याच्या टबात बसवलेला रुग्ण. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या भाजलेल्या जखमा लवकर भरतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, म्हणून हे स्नान. असं दुखणं समोर असताना नजर न वळवता चितारायचं, ही बदल्यात मिळालेली देणगी नव्हे हो. त्यामागे वर्षानुवर्षांचं काम असतं.

1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले. त्याच ऑलिंपिकमध्ये चित्रांनाही पदकं होती, आणि चित्रकलेचं सुवर्ण थॉमसन यांना मिळालं. विषय होता अल्बर्ट हॉलमधली हौशी बॉक्सिंग स्पर्धा. त्यानंतर कलेच्या स्पर्धाच बंद झाल्या, कारण ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं आणि चित्रकार पडले व्यावसायिक. ही पदकं आता अधिकृत यादीतही धरत नाहीत. मला याचं वाईट वाटतं.

बहिऱ्या माणसाचं चित्र म्हटलं की लोक त्यात शांतता शोधू लागतात. कृपा करून इथे शोधू नका. माणसांनी गच्च भरलेल्या सभागृहातली मारामारी आहे ती!

वर्गात हे चित्र दाखवलं तेव्हा कबड्डीवाला मुलगा उठून जवळ आला. बराच वेळ बघत राहिला. मग दोन्ही मुठी वर करून त्याने खुणेने विचारलं, "यातला जिंकला कोण?"