नाशकि

मंगळवार, रात्री साडेअकरा

परवा आप्पांनी कागद परत दिला तेव्हा त्यावर निळ्या पेनाने एक दुरुस्ती होती. मी छापलेलं 'नाशकि' त्यांनी एका आडव्या रेघेने खोडलं होतं आणि वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'नाशिक' लिहिलं होतं. त्याबद्दल बोलले काहीच नाहीत. वहीतले आकडे बरोबर उतरलेत, एवढं म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

तेव्हापासून तो कागद डोळ्यांसमोरून हलत नाही.

आलेख चांगला झाला होता. आप्पांच्या वहीतला कांद्याचा अख्खा हंगाम होता त्यात: किमान भाव, कमाल भाव, सर्वसाधारण. किमान-कमालचा फिकट पट्टा आणि त्यातून जाणारी सर्वसाधारण भावाची रेघ. तो पट्टा गेल्या आवृत्तीत आलेख काढायच्या आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत मीच घातला. लाल कांदा संपत येतो आणि उन्हाळ सुरू होतो, नेमक्या त्या जागी आप्पांनी बोट ठेवलं तेव्हा मला केवढं बरं वाटलं. आणि मग ते बोट खाली, नावाकडे गेलं.

स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. तिथे अक्षरं जुळवायचं काम ब्राउझर करतो. पण आलेख चित्र म्हणून सेव्ह केला की आमची लायब्ररी अक्षरं स्वतः मांडते, एकामागून एक, आली तशी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते आणि काढायची असते आधी. ही अदलाबदल आमच्याकडे कुणी करतच नाही, म्हणून श ची वेलांटी क वर जाऊन बसते. निफाडची फ वर. सिन्नरमधला न्न फुटतो, एक पाय मोडलेला न आणि शेजारी दुसरा न. लासलगाव तेवढं सुखरूप राहतं, कारण त्यात ना वेलांटी ना जोडाक्षर.

हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. टोचतंय ते हे.

काल रात्री पुढच्या आवृत्तीच्या नियोजनाचा कॉल होता. मोठ्या डेटाचे आलेख काढायला कॅनव्हास नावाची पद्धत, गडद थीम, अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला आलेखाचं वर्णन वाचता यावं यासाठीची सोय. सगळं गरजेचंच. माझा वेलांटीचा मुद्दा यादीत शेवटी. 'हे किती लोकांना लागेल?' असं विचारलं गेलं. त्यात वाईट काही नव्हतं, प्रत्येक मुद्द्याला आम्ही हेच विचारतो, मीही विचारते. अक्षरं जुळवणारं हार्फबझ हे सॉफ्टवेअर आत घेतलं तर लायब्ररीचं वजन, म्हणजे फाइलचा आकार, वाढणार, हेही खरं. आणि मी काय म्हणाले? 'काही हरकत नाही, पुढच्या वेळी बघू.' तिसऱ्यांदा. आप्पांचा कागद तेव्हा टेबलावरच होता.

कॉल संपल्यावर गॅलरीत बसून राहिले. शनिवार-रविवार घालायचे, सणावारी दुसऱ्यांच्या तक्रारी निस्तरायच्या, आणि आपल्या गावाचं नाव काही नीट छापून मिळायचं नाही. रडायलाच आलं. आईने हाक मारली तरी उठले नाही.

पण मला अडवलं कुणी होतं?

रंगांच्या वेळी मी तासभर भांडले होते. मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या दुसऱ्या लायब्ररीने 2017 साली 2.0 आवृत्तीत जुनी 'जेट' रंगपट्टी मूळ निवडीतून काढून 'विरिडिस' आणली, रंगांधळ्या माणसालाही वाचता यावी आणि काळ्या-पांढऱ्या छपाईतही टिकावी म्हणून. आपणही बदलायलाच हवं, हे मी सगळ्यांच्या गळी उतरवलं. दुसऱ्यासाठी बोलताना माझं तोंड चालतं. वेलांटीचा विषय निघाला की घरचं गाऱ्हाणं चव्हाट्यावर आणतोय असं वाटतं आणि मी गप्प होते. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. तेव्हा ते पैशाबद्दल आहे असं मला वाटायचं.

किती लोकांना लागेल? नोंदवलेल्या तक्रारी दोन. दोन्ही माझ्या. पण नाव मोडकं छापून आलं की माणूस तक्रार लिहायला बसत नाही, तो तेच नाव रोमन अक्षरांत लिहितो आणि कामाला लागतो. ऑफिसच्या आलेखांत मीही तेच करते. मग आकडा वाढणार कुठून? हे काल बोलायला हवं होतं, आणि सुचलं आज, भाजी निवडताना. मॅटप्लॉटलिब 2003 साली आलं तेसुद्धा ते लिहिणाऱ्या जॉन हंटर यांना अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत नोंदी पाहायच्या होत्या म्हणून. एका माणसाची, स्वतःच्या कामाची गरज.

संध्याकाळी घाटावर जाऊन आले. पूर आला की नाशकात आधी हेच विचारतात, पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला? आलेखातल्या रेषेला असं आपलं नाव देता यायला हवं. असो, ते वेगळं. आज नको.

घरी येऊन मुद्दा नव्याने लिहिला. हार्फबझ वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवायचं, ज्याला हवं त्याने जोडावं. बाकीच्यांचं वजन तेवढंच राहील. काल 'हरकत नाही' म्हणायची घाई केली, नाहीतर हे तिथेच सुचलं असतं. एका आवृत्तीत पुरं होणार नाही, मला कल्पना आहे. पीडीएफ तर आणखी लांबेल. लांबू दे. काम माझं आहे, मी करीन.

नावं नीट उमटतात का ते तपासणाऱ्या सात टेस्ट लिहिल्या: नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरी, पिंपळगाव, त्र्यंबकेश्वर, लासलगाव. आत्ता चालवून पाहिल्या. सहा लाल, म्हणजे नापास; लासलगाव तेवढं हिरवं. मुद्द्याला आप्पांच्या कागदाचा फोटो जोडला, निळ्या पेनाच्या दुरुस्तीसकट. पुढचा कॉल सोमवारी आहे.