ट्रेलरची बॅटरी: शंभरातले खरे किती?

भंडारदऱ्याला पहाटे अडीचला फ्रिज बंद पडला, सकाळी दूध नासलेलं. खापर अर्थातच बॅटरीवर. एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड), १०० एएच (अँपिअर-तास), चार वर्षं जुनी. नवी घेण्याआधी एकदा मोजून तरी बघू म्हटलं.

१०० हा आकडा सी-२० चा: ५ अँपिअरनं २० तास, व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत. म्हणून लोडही तेवढाच घेतला. एच४ हेडलाइटची ६० वॉटची हाय बीम साधारण ५ अँपिअर खाते. भंगारातल्या एका हेडलाइटमध्येच बल्ब बसवला, मोकळा ठेवला तर काहीतरी जाळेल. शुक्रवारी १४.४ व्होल्टवर फुल चार्ज, रात्रभर विश्रांती. शनिवारी सकाळी सहाला बॅटरी १२.७.

"भरदिवसा काय दिवे पाजळतोयस?" असं घरच्यांनी दोनदा विचारून झालं.

रात्री साडेआठला १०.५. मीटरवर ७१ एएच. लगेच चार्जरला लावली. रिकामी एजीएम तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. चार वर्षांच्या मानानं ७१ वाईट नाही. पण रोज इतकं उपसायचं नसतं. लोडवर ११.८ दिसले की थांबायचं, ही माझी मर्यादा, आणि तिथपर्यंत ४६ एएच निघाले होते.

मग भंडारदऱ्याला ३० एएच निघाल्यावरच फ्रिज का रुसला?

रविवारी फ्रिज चालू करून मल्टीमीटर फिरवला. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३, फ्रिजच्या प्लगवर ११.२! १.१ व्होल्ट वाटेतच गायब. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन ११.१ ला बंद करतं, म्हणजे बॅटरी १२.२ वर असतानाच त्याला ती संपल्यासारखी वाटायची. वायर १.५ स्क्वेअर एमएम, जाऊन-येऊन १२ मीटर. ५ अँपिअरला ०.७ व्होल्ट तिथेच गेले. (ही वायर मीच टाकली होती, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही.) उरलेले ०.४ फ्यूज होल्डरमध्ये. बोट लावलं तर गरम, प्लास्टिक पिवळं पडलेलं, आतली पट्टी सैल.

६ स्क्वेअर एमएम वायर आणि नवा होल्डर टाकला. आता ड्रॉप ०.२. अडचण उलटी झालीय: फ्रिज आता बॅटरीला ११.३ पर्यंत ओढेल. ११.८ ला तोडणारा रिले आणलाय, बसवायचा राहिलाय. फ्रिज सरासरी १.८ अँपिअर घेतो, तेव्हा ४६ एएचमध्ये दिवस-रात्र निघायला हवी. पुढच्या खेपेला दूध दोन लिटर नेतोय.