दीड गोळी: आमची वाटचाल

२००९ साली डेन्मार्कमधल्या ऑर्‌हुस शहरात, माझ्या भागीदाराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची सुरुवात झाली. डॅनिश हॉस्पिटलांचे कागद इंग्रजीत करून द्यायचे, एवढंच काम. ती सरकारमान्य अनुवादक, शिक्का तिचा. मी मिरजेच्या पॅथॉलॉजी लॅबमधून गेलेलो, आजार आणि आकडे माझ्याकडे.

तिची पत्र्याची पेटी होती, आत हाताने लिहिलेली कार्डं. पुढे सॉफ्टवेअर आलं, ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे जुने अनुवाद साठवून पुन्हा पुढे करणारी सोय, आली, पण ती पेटी आजही माझ्या हाताशी असते. सगळ्यात मळलेलं कार्ड ‘ब्लोडप्रॉप’चं. शब्द रक्ताच्या गुठळीचा. पण डॅनिश माणूस हार्ट अटॅकलाही तेच म्हणतो, मेंदूतल्या झटक्यालाही आणि फुप्फुसात अडकलेल्या गुठळीलाही. कुठली ते कागदावरून कळेना, तर निदानाचा कोड बघायचा. तिथे आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीच्या, कोडाआधी ‘डी’ लावतात. तो डी बोटाने झाकायचा. आय२१ दिसला तर हार्ट अटॅक, आय६३ तर मेंदू, आय२६ तर फुप्फुस. ही तिची शिकवण. ‘आय.ए.’ हे दुसरं कार्ड. छाती तपासून डॉक्टर ते लिहितो तेव्हा अर्थ ‘काही दोष आढळला नाही’ असा. लॅटिन समजून त्याचं ‘इतर गोष्टींबरोबर’ केलेलं मी पाहिलंय.

२०१६ च्या १ जानेवारीपासून डेन्मार्कने अनुवादकांना सरकारी मान्यता देण्याचा कायदाच काढून टाकला. तिने परीक्षा देऊन मिळवलेल्या शिक्क्याला बाजारात कोणी विचारेना. त्याच वर्षी गावातल्या एका कंपनीने निम्म्या दरात काम घ्यायला सुरुवात केली. मजकूर मशीनवर टाकायचा, वरवर नजर फिरवायची, पाठवून द्यायचा. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक इन्शुरन्सवाले, तिकडे गेले. निम्म्याहून जास्त काम गेलं.

आणि वर्षभरात त्यांचंच पत्र आलं, की तुमच्या चुकीमुळे पेशंटला कमी औषध गेलं. गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या वॉरफरिनची २.५ मिलीग्रॅमची गोळी. मूळ कागदात ‘हाल्वआनन’, इंग्रजीत ‘अर्धी’. ३.७५ च्या जागी १.२५! रक्ताच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, खाली आला म्हणून नर्सने विचारलं, नाहीतर काय झालं असतं ते मला आजही सांगवत नाही.

हाल्वआनन म्हणजे दीड. पहिला पुरा, दुसरा अर्धा. आपला अडीच असाच, ‘अर्धतृतीय’वरून आलेला, त्यांचे पन्नास म्हणजे अडीच विसा आणि सत्तर म्हणजे साडेतीन विसा. मराठी पोराला हे सांगावं लागत नाही. मी असली चूक करणार नाही हे मला ठाऊक होतं, पण कागदाच्या खाली आमचं नाव होतं. त्या कंपनीने आमचा जुना साचा तसाच उचलला होता.

आठ महिने भांडलो. आमच्याकडे प्रत्येक फाइलची तारीखवार नोंद असते, ती सगळी छापून दिली. शेवटी दोन ओळींचं पत्र आलं, ‘प्रकरण बंद’. चूक कोणाची, याबद्दल एक शब्द नाही. माफी तर नाहीच. माझ्या भागीदाराने त्या आठ महिन्यांत झोपेच्या गोळ्या सुरू केल्या. हे मी विसरणार नाही.

तेव्हा टिकवलं ते एस्ब्येर्गच्या एका छोट्या जहाजवाल्याने. त्याचे खलाशी आजारी पडले की कागद रात्री अकरालाही यायचे. दुसरीकडे निम्मा दर आहे हे त्याला माहीत होतं. बिलाला तीस दिवसांची मुदत, तो आठव्या दिवशी पैसे भरायचा. घासाघीस कधी केली नाही.

पुढे काम सुरळीत चाललं. ती निवृत्त झाली, पेटी मला दिली. हाल्वआननच्या कार्डावर तिने माझ्याकडून शिकून देवनागरीत ‘दीड’ लिहिलंय, वेलांटी जरा वाकडी.

नव्याने यात उतरणाऱ्यांना सांगतो. स्वल्पविराम आधी बघा. डॅनिश १.००० म्हणजे हजार, आणि २,५ म्हणजे अडीच. आणि हिमोग्लोबिन. डेन्मार्कात ते लिटरमागे मिलीमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे डेसिलिटरमागे ग्रॅममध्ये. पुण्याला परत गेलेल्या एका बाईंच्या रिपोर्टात ८.४ होतं, युनिट कोणीतरी गाळलेलं. तिथल्या डॉक्टरांनी ते ग्रॅम समजून रक्त चढवायची तयारी केली होती. मुलाने मला फोन केला. १.६१ ने गुणलं की साडेतेरा होतात, बाई ठणठणीत. म्हणून आम्ही मूळ आकडा त्याच्या युनिटसह तसाच ठेवतो, आणि ग्रॅमचा आकडा अनुवादकाची टीप म्हणून खाली देतो. मूळ आकड्याला हात लावायचा नाही.