पाणी उकळू नका

२ ऑगस्ट २०१४, शनिवार. पहाटे साडेतीनला फोन वाजला आणि पोटात गोळाच आला, कारण अशा अवेळी फोन आला की आम्हाला आधी सांगलीचीच काळजी वाटते. पण फोन माझ्या सुपरवायझरचा होता. टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन, म्हणजे शेवाळातलं विष, सापडलंय, आजूबाजूच्या गावांची सॅम्पल यायला लागतील, लगेच निघ.

मी तेव्हा अमेरिकेत ओहायो राज्यात पाणी तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये काम करत होते आणि राहायला टोलेडोतच, म्हणजे तेच पाणी आमच्याही नळाला. मुलगी सात महिन्यांची, पावडरचं दूध पिणारी. आई सांगलीहून आलेली, ती आवाजाने उठून किचनमध्ये आली. मी तिला सांगितलं पाणी खराब झालंय, तर तिने तेवढ्यात पातेलं गॅसवर ठेवलं पण. "अगं मग उकळून घेऊ की, त्यात काय एवढं." दरवर्षी कृष्णेला पूर आला की आमच्या घरी हेच, गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवायची, गाळायचं आणि खळखळ उकळायचं. आणि मी तिच्या हातातलं पातेलं काढून सिंकमध्ये ओतलं. हे विष उकळून जात नाही आई, उलट पाण्याची वाफ होते आणि विष तेवढंच राहतं, म्हणजे अजून कडक होतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर विसंबून तिने आम्हाला वाढवलं तीच गोष्ट मी तिला करू नको म्हणत होते.

नवरा पाच वाजता पाण्याच्या बाटल्या आणायला गेला, तीन दुकानं फिरला, शेल्फ रिकामे. शेवटी शेजारच्या मिशिगन राज्यात जाऊन घेऊन आला. जवळजवळ पाच लाख लोकांची हीच धावपळ चालली होती, पुढे नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, ट्रक आले पाणी घेऊन.

लॅबमध्ये दिवसभर काचेच्या तपकिरी बाटल्या येत होत्या, लेक इरी या प्रचंड तळ्याच्या काठावरच्या, पाणी शुद्ध करणाऱ्या छोट्या छोट्या प्लांटच्या. टोलेडोचं पाणीही याच लेकमधून येतं. ही टेस्ट घाईने होत नाही. सॅम्पल तीनदा गोठवायचं, तीनदा वितळवायचं, म्हणजे शेवाळाच्या पेशी फुटून आतलं सगळं विष बाहेर येतं, मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये घालून दीड तास, मग पुढचं द्रावण अर्धा तास, मग रंग. या टेस्टमध्ये रंग उलटा बोलतो, गडद पिवळा आला तर पाणी चांगलं, फिका पडला तर विष आहे. मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. मी शेकडो प्लेट केल्यात पण त्या दिवशी शेवटचं ॲसिड घालताना निळ्याचा पिवळा होताना बघत होते आणि हात थरथरत होता. सगळे खळगे गडद आले. आमच्याकडे आलेली सगळी गावं १ च्या खाली.

दुपारी एक साठीतले शेतकरी आले, पिकअपमध्ये मोठी टाकी, घरच्या विहिरीचं पाणी. मुलगी आणि नातवंडं शहरात राहतात, त्यांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना द्यायचंय, पण आधी तपासून द्या म्हणाले. मी सांगितलं नायट्रेट आत्ता सांगते, बॅक्टेरियाला मात्र २४ तास लागतील. ते थांबले, बाकड्यावर बसून टोपी हातात फिरवत. मका आणि सोयाबीन, मॉमी नदीच्या खोऱ्यात, तीन पिढ्यांची शेती. मग आपणहूनच म्हणाले, "या शेवाळात माझंही खत आहे. वसंतात खत टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी जोराचा पाऊस, संध्याकाळपर्यंत पाइपातून ओढ्यात. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही."

हे पाइप म्हणजे काय ते सांगलीकडच्या लोकांना लगेच कळेल, क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप पुरून निचरा करतात ना, तस्संच. तो सगळा भाग पूर्वी मोठी दलदल होती, एकोणिसाव्या शतकात निचरा करून शेती केली. त्या पाइपांमधून खतातलं विरघळलेलं फॉस्फरस ओढ्यात, तिथून मॉमीत, तिथून लेक इरीच्या पश्चिम टोकाला, जिथे पाणी सरासरी जेमतेम ७ मीटर खोल आणि ऑगस्टमध्ये कोमट. शेवाळाला आणखी काय पाहिजे. एकरी वाहून जाणारं फॉस्फरस इतकं थोडं असतं की शेतकऱ्याच्या खिशाला ते जाणवतही नाही, पण लाखो एकरांचं एकत्र आलं की लेक हिरवा होतो, वरून बघितलं तर रंग सांडल्यासारखा.

याच ओहायोत २२ जून १९६९ ला क्लीव्हलँडची कायाहोगा नदी पेटली होती, तेल आणि कचऱ्याचा थर पेटला. नदी त्याआधीही कितीतरी वेळा पेटलेली, १९५२ ची आग तर कितीतरी मोठी, पण १९६९ ला देश जागा होता. १९७० ला ईपीए ही पर्यावरणाची केंद्रीय संस्था आली, १९७२ ला पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा क्लीन वॉटर ॲक्ट, राष्ट्राध्यक्ष निक्सननी व्हेटो केला तर दुसऱ्या दिवशी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो उलटवून कायदा केला. कारखाना असो की शहराचं सांडपाणी, पाइपातून नदीत सोडायचं तर परमिट लागणारच. त्याने खरंच काम केलं, तेव्हा ज्या लेक इरीला लोक मेलेला म्हणायचे तिथे १९८० च्या दशकात मासे परत आले. मला या कायद्याबद्दल मनापासून आदर आहे, माझी नोकरीच त्याच्यावर उभी राहिली. पण शेतातून पावसाबरोबर वाहणारं पाणी त्या परमिटमधून वगळलं, १९८७ ला तर कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं. म्हणजे शेताखाली पाइप आहे, तो ओढ्यात उघडतो, मी डोळ्यांनी बघितलाय, हात घालून सॅम्पल घेतलंय, पण कायद्याच्या लेखी तो पाइप नाहीच. तिथे सगळं शेतकऱ्याच्या मर्जीवर आणि अनुदानावर. हे चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, आणि बाकड्यावर बसलेल्या त्या माणसाचा राग मात्र मला येऊ शकला नाही. त्यांचं नायट्रेट चांगलं आलं. बॅक्टेरियाच्या रिपोर्टसाठी रविवारी बरोबर वेळेवर परत आले, तोही चांगला आला, तेव्हा कुठे टाकी शहरात नेली.

पुढच्या वर्षी, २०१५ ला, शेवाळ २०१४ पेक्षाही जास्त आलं. त्याच वर्षी ओहायो, मिशिगन आणि कॅनडातलं ओंटारिओ यांनी ठरवलं की २०२५ पर्यंत फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करायचं. ते झालं नाही. २०१९ ला टोलेडोच्या लोकांनी मतदान करून लेकलाच माणसासारखे कायदेशीर हक्क दिले, पुढच्या वर्षी फेडरल कोर्टाने ते रद्द केले. वसंतातला पाऊस आता जास्त जोरात पडतो, त्यामुळे जे काही थोडं सुधारतं तेही वाहून जातं.

२०१४ च्या त्या सोमवारी सकाळी पाणी पिण्यावरची बंदी उठली, मेयरनी सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी प्यायलं. आम्ही घरातले सगळे नळ सोडून ठेवले, पाइपातलं जुनं पाणी जाऊ दिलं. मग आईने स्टीलचं भांडं बाजूला ठेवून मुद्दाम काचेचा ग्लास घेतला, भरला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"दिसत तर काही नाही गं."

"शनिवारी पण दिसत नव्हतं आई."

तिने ग्लास ओट्यावर ठेवला, आणि नातीची बाटली मिशिगनहून आणलेल्या पाण्याने भरली.