थायलंडमधले अमेरिकन: ८ लाख बाथ आणि घरचं वायफाय

आज दिवसभर बँकेचे कागद चालले होते, म्हणून थायलंडमध्ये निवृत्त होऊन राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांसाठी (आपले मराठीही त्यात आलेच) लिहितोय. मुक्काम वाढवायला थाई बँकेत ८ लाख बाथ ठेवलेत, तर ती रक्कम १०,००० डॉलरच्या बरीच वर जाते. म्हणजे एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा अहवाल) भरणं आलंच, कर लागो न लागो. मुदत १५ एप्रिल. ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मुक्कामवाढ मंजूर झाल्यावर ३ महिने पूर्ण ८ लाख तसेच ठेवा, पुढेही ४ लाखांच्या खाली उतरू नका.

एटीएमने डॉलरचा दर दाखवला तर नाही म्हणा, बाथमध्येच काढा.

खरी डोकेदुखी अमेरिकन बँकांच्या ओटीपीची. इंटरनेटवरून चालणारे फोन नंबर अनेक अमेरिकन बँका नाकारतात. अमेरिकन सिम चालू ठेवा आणि वायफाय कॉलिंग अमेरिकेतून निघण्याआधीच सुरू करून तपासा. मग सगळी भिस्त घरच्या फायबरवर. वीज गेली की ओएनटी (फायबरची तार जोडलेला डबा) आणि राउटर बंद, ओटीपीही अडकला. दोन्हींसाठी छोटा डीसी यूपीएस (बॅटरी बॅकअप) घ्या, पण आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा. बहुतेकदा १२ व्होल्ट असतात. ॲम्पिअर कमी पडले तर राउटर सारखा रीस्टार्ट होत राहतो.