ड्रायव्हर सगळ्यात शेवटी

बॅगेच्या खिशात हात घालायचा आणि जो बॉल येईल तो टीवर ठेवायचा, अशी मी बरीच वर्षं गोल्फ खेळले. झुडपात सापडलेले, कुणी भेट दिलेले, स्पर्धेत मिळालेले, सगळे एकत्र. त्यात अडचण अशी की एका होलला सात नंबरच्या आयर्नचा (मध्यम अंतराच्या क्लबचा) शॉट ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या आखूड गवतावर, पडून थांबतो आणि पुढच्या होलला अगदी तसाच मारलेला शॉट उसळून मागच्या वाळूच्या बंकरमध्ये जातो. दोष स्विंगचा की बॉलचा, हे कळायला काही मार्गच नसतो. तेव्हा ठरवलं की एकच बॉल पक्का करायचा, आणि तोही आकडे बघून.

नियमांनी काय बांधून टाकलंय ते आधी पाहिलं. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमांत बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. बॉल किती वेगाने सुटावा आणि यंत्राने मारल्यावर किती लांब जावा, यालाही वरची मर्यादा आहे. त्यामुळे खोक्यावर ‘सर्वांत लांब जाणारा’ असं वाचलं की मला हसू येतं. चांगले बॉल बनवणारे सगळेच त्या मर्यादेला येऊन भिडलेत. खरा फरक उरतो तो स्पिनचा, उंचीचा आणि फटका हाताला कसा लागतो याचा.

चाचणीसाठी दोन जातींचे बॉल घेतले. टू-पीस म्हणजे आत मोठा रबरी गाभा आणि वर आयनोमर या प्लास्टिकचं टणक आवरण. थ्री-पीसमध्ये गाभ्यावर एक कडक थर आणि त्यावर युरेथेनचं पातळ, मऊ आवरण. करामत सगळी त्या मधल्या थराची. वेजचा, म्हणजे ग्रीनजवळून बॉल उचलून मारायच्या क्लबचा, हलका फटका गाभ्याला फारसा दाबत नाही. मऊ आवरण वेजच्या फेसवरच्या (मारायच्या बाजूवरच्या) खाचा, म्हणजे ग्रूव्ह्ज, आणि खालचा कडक थर यांच्यात चिमटतं आणि बॉल गरगर फिरतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या, फटक्याला मात्र अख्खा बॉलच दबतो, आणि मऊ गाभा व त्यावरचं कडक कवच मिळून स्पिन आटोक्यात ठेवतात. सरावाच्या रेंजवरचे बॉल मुद्दाम टाळले. ते टिकण्यासाठी बनवलेले असतात, शिवाय घासून गुळगुळीत झालेले.

आमच्या कोचनी एकच अट घातली. “मॅडम, सुरुवात ग्रीनजवळून करा. ड्रायव्हर तुम्ही फेरीत फार तर चौदा वेळा काढणार. बाकीचे शॉट कोण मोजणार?”

मला खरं तर ड्रायव्हरचीच उत्सुकता होती, पण ऐकलं. आणि चाचणीतला सगळ्यात रंजक भाग तोच निघाला. तीस यार्डांवरून, त्याच वेजने, त्याच लयीत मारलेले शॉट. टू-पीस बॉल जास्त उंच सुटायचा, बघायला छान वाटायचा, आणि पडल्यावर चालतच राहायचा. बॉलचा वेग आणि स्पिन मोजणाऱ्या लॉन्च मॉनिटरवर स्पिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास. युरेथेनचा बॉल खालून निघायचा, एक टप्पा घ्यायचा, दुसऱ्या टप्प्याला ब्रेक लागायचा. त्याचा स्पिन पाच हजारांच्या घरात. उंच गेलेला बॉल लवकर थांबणार असंच कुणालाही वाटेल, इथे नेमकं उलट घडत होतं. कारण घर्षण. आवरणाने ग्रूव्ह्ज धरल्या की स्पिन वाढतो आणि बॉल फेसवरून वर घसरत नाही, म्हणून खालून निघतो. गवत ओलं असताना दोन्ही बॉलचा स्पिन घसरला. आवरण आणि फेस यांच्यामध्ये पाणी आल्यावर आणखी काय होणार!

सात नंबरच्या आयर्नला फरक कमी होता, पण होता. अंतर जवळजवळ सारखं. युरेथेनचा बॉल थोडा उंच जाऊन जास्त उभा खाली येत होता. कठीण ग्रीनवर बॉल थांबवायला हा उतरण्याचा कोनही स्पिनइतकाच कामाला येतो.

मग एकदाचा ड्रायव्हर. कमी स्पिन म्हणजे जास्त अंतर, हे इतक्यांदा ऐकलं होतं की टू-पीस बॉल सहज पुढे जाईल अशीच माझी समजूत होती. माझ्या क्लबहेडचा वेग ताशी ८० मैलांच्या आसपास. या वेगाला बॉल हवेत टिकायचा तर थोडा बॅकस्पिन (मागच्या दिशेने फिरणं) लागतोच, कारण बॉलला वर उचलून धरणारा जोर त्याच फिरण्यातून येतो. टू-पीसचा स्पिन २,३०० आणि युरेथेनचा २,७०० च्या आगेमागे. कॅरी (हवेतलं अंतर) युरेथेनची तीन-चार यार्ड जास्त, रोल (पडल्यावर घरंगळणं) टू-पीसचा जास्त, आणि एकूण बेरीज जवळपास सारखी. ११५ मैलांनी स्विंग करणाऱ्याचं गणित वेगळं. जास्त स्पिनने त्याचा बॉल समोरच्या वाऱ्यात नुसता वर चढत राहील. एक गोष्ट मात्र टू-पीसच्या बाजूने बोलत होती. माझा स्लाइस, म्हणजे शॉटचं एका बाजूला वळत जाणं, त्याच्यावर जरा सौम्य वाटला. बॉलला आडवा स्पिन असा वेगळा नसतो, फिरण्याचा अक्ष कलला की बॉल वळतो. एकूण स्पिनच कमी असेल तर वळणही कमी.

डिंपलच्या, म्हणजे बॉलवरच्या खळग्यांच्या, आकारांवर आणि संख्येवर मी वेळ घालवला नाही. डिंपल हवेत किती मोठं काम करतात हे माहीत आहे. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत बॉल आले, तेव्हा वापरून ओरखडे पडलेला बॉल नव्यापेक्षा चांगला उडतो हे खेळाडूंच्या लक्षात आलं, आणि पुढे १९०५ मध्ये विल्यम टेलरने डिंपलचं पेटंट मागितलं. डिंपलमुळे बॉलला चिकटलेली हवा उशिरा सुटते आणि मागे ओढणारा अवरोध जवळपास निम्म्यावर येतो. पण आजच्या दोन चांगल्या बॉलांमधला डिंपलचा फरक ओळखावा इतका माझा स्विंग सातत्याचा नाही.

कॉम्प्रेशनचंही, म्हणजे बॉल किती दबतो त्याचंही, तसंच. हळू स्विंगला मऊ बॉलच हवा, असा सल्ला सगळे देतात. माझ्याकडच्या सगळ्यात मऊ बॉलचा वेग ड्रायव्हरने उलट किंचित कमीच भरला. ग्रीनवर बॉल ढकलायच्या पटरवर तो छान लागतो, हे खरं. कुणाला तेवढ्यासाठी तो हवा असेल तर जरूर घ्यावा.

मी मधल्या कॉम्प्रेशनचा थ्री-पीस युरेथेन पक्का केला. पहिले काही आठवडे चिप (ग्रीनजवळचे छोटे फटके) सारख्या आखूड पडत होत्या, कारण बॉल पुढे चालत जाणार हे हाताला पाठ झालं होतं. टप्पा कुठे पाडायचा ते पुन्हा शिकावं लागलं.

तळ्यावरच्या पार-३ला (तीन फटक्यांच्या होलला) मैत्रीण अजूनही तिच्याकडचा जुना बॉल पुढे करते, “पाण्यात गेला तर जाऊ दे” म्हणत. एकाच बॉल-मॉडेलची सक्ती असलेल्या काही स्पर्धा सोडल्या तर नव्या होलला बॉल बदलायला नियमांची हरकत नाही. तरी मी घेत नाही. तळं पार झालं आणि शॉट ग्रीनच्या बाहेर राहिला, तर चिप त्याच बॉलने मारावी लागते.